दारा, सिकंदर आणि आपलं दप्तर

इराणचं जुनं साम्राज्य आणि ते बुडवणारा सिकंदर, हा विषय वऱ्हाडातल्या माणसानं सांगायचं काय कारण, असं कुणी विचारलं तर ते वाजवीच आहे. सिकंदर पंजाबातून माघारी वळला. त्यानं हरवलेला दारा तर सिंधूच्या अलीकडे कधी आलाच नाही. पण दोघांची नावं मात्र आमच्याकडे मुक्कामाला आली आणि राहिली. अकोल्याच्या कुठल्याही मोहल्ल्यात एखादा सिकंदर सापडतोच. दारा म्हटलं की कुस्तीच्या शौकिनांना दारासिंग आठवतो. बाकीचं काम सिनेमानं केलं.

माझे दादाजान मकतबात शिकलेले होते. त्या काळच्या शिक्षणात फारसी असायची. दाराच्या मरणाचा प्रसंग ते फार रंगवून सांगत. हरलेला दारा पळतो आहे, त्याच्याच दोन सरदारांनी त्याला सुरे मारले आहेत, धुळीत पडला आहे. सिकंदर येतो, घोड्यावरून उतरतो, शत्रूचं डोकं मांडीवर घेतो आणि रडतो. दारा आपल्या मुलीचा हात त्याच्या हाती देतो आणि डोळे मिटतो. ऐकणाऱ्या बायका पदरानं डोळे पुसत. ही गोष्ट फिरदौसीच्या 'शाहनाम्या'तली, पुढे निजामीनं 'सिकंदरनाम्या'त सांगितलेली. त्यात तर सिकंदर हा दाराचा सावत्र भाऊच असतो! म्हणजे परक्यानं राज्य घेतलंच नाही, घरातलं घरात राहिलं. हरलेल्या लोकांनी पराभव पचवायची ही रीत मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे.

खरा इतिहास थोडा कोरडा आहे, पण कमी रंजक नाही.

हे साम्राज्य उभं केलं कुरुशनं. इंग्रजी पुस्तकांतला सायरस तो हाच. इ. स. पूर्व ५५० च्या सुमारास त्यानं मीड लोकांना हरवलं, ५३९ मध्ये बाबिलोन घेतलं. त्याच्या मुलानं ५२५ मध्ये मिसर देश जिंकला. मग ५२२ मध्ये गादीवर आला पहिला दारा. त्याचं मूळ नाव दारयवउश, म्हणजे चांगलं ते धरून ठेवणारा. संस्कृतात धृ धातू आहे, त्याचाच हा इराणी सख्खा भाऊ. आपण ठाणेदार, हवालदार, जमीनदार म्हणतो, त्यातला 'दार' तोच. म्हणजे दाराचं अर्धं नाव वऱ्हाडातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात रोज घेतलं जातं.

या दारानं बेहिस्तूनच्या कड्यावर आपली हकीगत तीन भाषांत कोरून ठेवली. ती वाचायला पुढे दोन हजारांहून अधिक वर्षं जावी लागली. वाचणाऱ्यांत मोठं नाव हेन्री रॉलिन्सन यांचं. हा सतरा वर्षांचा पोरगा १८२७ मध्ये कंपनीच्या नोकरीत मुंबईला उतरला आणि इथंच फारसी शिकला. पुढे इराणात बदली झाल्यावर १८३५ पासून त्यानं कड्यावर चढून, जीव धोक्यात घालून अक्षरं उतरवून घेतली.

दाराच्या कबरीवर, नक्श-ए-रुस्तमला, दुसरा एक लेख आहे. त्यात त्याच्या ताब्यातल्या मुलखांची यादी आहे. या यादीतल्या दोन नावांकडे लक्ष द्या. एक आहे 'हिंदुश'. सिंधूकाठचा मुलूख. इराणी तोंडात आपल्या 'स'चा 'ह' होतो, म्हणून सिंधूचं हिंदू झालं. दुसरं नाव 'यउन'. आयोनिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणारे ग्रीक, त्यांना इराणी लोक यउन म्हणत. त्यावरून आपल्याकडे यवन. हिंदू आणि यवन हे दोन्ही शब्द एकाच राजाच्या एकाच यादीत आहेत. दोघेही प्रजा, दोघेही पट्टी भरणारे.

एवढा मोठा मुलूख चालवायचा कसा? दारानं त्याचे सुभे केले आणि प्रत्येक सुभ्यावर एक अधिकारी नेमला. त्याला म्हणत 'ख्शथ्रपावन', राज्याचा राखणदार. हाच आपला क्षत्रप. आजही आमची वऱ्हाडी वर्तमानपत्रं कुठल्याही पक्षाच्या जिल्हापातळीवरच्या पुढाऱ्याला क्षत्रप म्हणतात, तेव्हा ते अडीच हजार वर्षांपूर्वीचा इराणी हुद्दा त्याला बहाल करत असतात. सार्डिसपासून सुसापर्यंत राजरस्ता होता. हेरोडोटस त्यावरचे १११ मुक्काम मोजतो आणि पायी ९० दिवसांची वाट सांगतो.

पण मला या साम्राज्याची खरी ओळख पटली ती रस्त्यांनी नव्हे, हिशेबानं. १९३३-३४ मध्ये पर्सेपोलिस या राजधानीच्या तटबंदीत मातीच्या हजारो लहान लहान पाट्या सापडल्या. इ. स. पूर्व ५०९ ते ४९३ या काळातला शिध्याचा हिशेब! कोण प्रवासी कुठून आला, कुणाचं मोहोरबंद पत्र त्याच्याजवळ होतं, त्याला पीठ किती दिलं, दारू किती दिली. हिंदुशहून आलेल्या माणसांना दिलेल्या शिध्याच्याही नोंदी आहेत. मजूर बायकांच्या नोंदी आहेत. बाळंतिणीला जादा शिधा मिळे. मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. इतकं जुनं आहे हे! राजे आपली लढाई दगडावर कोरतात, पण राज्य कसं चाललं ते कारकुनाच्या पाटीवरच कळतं. आणि गंमत म्हणजे या हिशेबाची भाषा राजाची फारसी नव्हती. पाट्यांवर मुख्यतः एलामी भाषा आहे, आणि दूरच्या सुभ्यांशी पत्रव्यवहार चाले तो अरामी भाषेत. दोन्ही भाषा जिंकल्या गेलेल्या लोकांच्या.

आता सिकंदर. त्याच्या लढाया आपण शाळेत पाठ केल्या आहेत, म्हणून भरभर सांगतो. मॅसिडोनिया हा ग्रीसच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख. तिथला राजा फिलिप ३३६ मध्ये मारला गेला. वीस वर्षांचा मुलगा गादीवर आला आणि दोन वर्षांत सुमारे चाळीस हजारांची फौज घेऊन आशियात उतरला. ३३३ मध्ये इससच्या लढाईत तिसरा दारा रणातून निघून गेला, आई, बायको, मुलं मागे छावणीत टाकून. ३३१ मध्ये गौगामेलाला पुन्हा गाठ पडली. ग्रीक लेखक सांगतात की तिथं दाराच्या बाजूनं हिंदी स्वार होते आणि पंधराएक हत्ती होते. दारा पुन्हा पळाला. पुढच्या वर्षी त्याच्याच एका क्षत्रपानं, बाख्त्रियाच्या बेस्ससनं, त्याला कैद केलं आणि शेवटी मारून टाकलं. सिकंदर पोचला तेव्हा दारा मेलेला होता. मांडीवर डोकं घेण्याचा प्रसंग घडलाच नाही. मात्र त्यानं शव सन्मानानं पर्सेपोलिसला पाठवलं, एवढं खरं.

दाराच्या आईची हकीगत मला दाराच्या हकीगतीपेक्षा जास्त चटका लावते. सिसिगांबिस तिचं नाव. इससनंतर ती सिकंदराच्या ताब्यात गेली. त्यानं तिला आई मानून सांभाळलं. ३२३ मध्ये सिकंदर बाबिलोनला वारला, ही बातमी आली तेव्हा या म्हातारीनं अन्नपाणी सोडलं आणि पाचव्या दिवशी प्राण सोडला, असं जुने लेखक लिहितात. पोटचा मुलगा गेला तेव्हा ती जगली होती. या बाईवर कुणी नाटक लिहायला पाहिजे.

३३० मध्ये पर्सेपोलिस जळलं. कुणी म्हणतं, इराण्यांनी ४८० मध्ये अथेन्स जाळलं होतं त्याचा हा सूड. कुणी म्हणतं, दारूच्या मैफलीत थाइस नावाच्या अथेन्सच्या गणिकेनं चेतवलं आणि मशाली पेटल्या. जाळण्याआधी खजिना काढला होता. प्लुटार्क सांगतो, तो न्यायला खेचरांच्या १० हजार जोड्या आणि ५ हजार उंट लागले. चामड्यावर लिहिलेलं सगळं गेलं. मातीच्या पाट्या राहिल्या.

या आगीची आठवण कुणी कशी जपली बघा. पारशी धर्मग्रंथांत सिकंदराला 'शापित' असं विशेषण कायमचं चिकटलेलं आहे. गाईच्या कातड्यावर सोन्याच्या शाईनं लिहिलेला अवेस्ता त्यानं जाळला, असं अर्दा विराफच्या कथेत येतं. म्हणजे आमच्या घरात ज्याच्या नावानं पोराचं नाव ठेवावं, तो शेजारच्या पारशाच्या घरात शापित! आणि पारशी वऱ्हाडाला नवे नाहीत. विकाजी आणि पेस्तनजी मेहरजी या भावांनी १८२५ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईला धाडायला सुरुवात केली. निजामाच्या राज्यात त्यांच्या टांकसाळीतून निघालेला पेस्तनशाही रुपया चाले. आमच्या आजोबा-पणजोबांनी तो हातात धरला असेल. दाराच्या वंशाचे म्हणवणारे लोक आणि सिकंदराचं नाव लावणारे लोक एकाच बाजारात, एकाच कापसाच्या गाडीपाशी उभे राहिले. भांडण झाल्याचं ऐकिवात नाही. भाव कमी मिळाल्याचं आहे.

तर साम्राज्य बुडालं. पण काय बुडालं? गादी गेली, राजवाडा गेला. कारभार गेला नाही. गौगामेलाला सिकंदराच्या विरुद्ध लढलेल्या मझायसलाच त्यानं बाबिलोनचा क्षत्रप नेमलं. हुद्दा तोच, माणूसही जुनाच. पुढे ग्रीक राजे आले, मग पार्थियन म्हणजे आपले पल्हव आले, मग शक आले. क्षत्रप हा हुद्दा हातोहात पुढे सरकत राहिला आणि इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात थेट नाशिकला येऊन पोचला.

नाशिकच्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. एका लेखात त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवलेल्या रकमेची नोंद आहे. एकीकडे २ हजार कार्षापण, दरमहा शेकडा एक दरानं. दुसरीकडे १ हजार, शेकडा पाऊण दरानं. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना कपडे द्यायचे. आणि शेवटी लिहिलं आहे की हे सगळं नगरसभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे नोंदवहीत चढवलं. हे वाचताना मला पर्सेपोलिसच्या पाट्या आठवतात. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण देणाऱ्यानं दिलं ते कुठंतरी चढवून ठेवायचं, ही शिस्त तीच.

या नहपानाची चांदीची नाणी १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडली. १३ हजारांहून अधिक. असं एक नाणं डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. ती सिकंदराच्या वाटेनं आलेली. दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. ती इराणी कारभारातल्या अरामी लिपीवरून बेतलेली, म्हणजे दाराच्या कचेरीतून आलेली. आणि तिसरी ब्राह्मी, इथली. हरलेला, जिंकलेला आणि आपण, तिघंही सुपारीएवढ्या चांदीवर. त्यावर चौथा ठसा आहे. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं आणि यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर आपला छाप मारला. नाणी वितळवली नाहीत, वरून ठोकली. काहींवर सातवाहनी डोंगराच्या खुणेखालून नहपानाचं नाक अजून दिसतं.

गौतमीपुत्राच्या मागे त्याची आई बलश्री हिनं नाशिकलाच मोठा लेख कोरवला. शक, यवन, पल्हव यांचा नाश करणारा, असं ती मुलाचं वर्णन करते. त्याच्या मुलखांच्या यादीत विदर्भही आहे. म्हणजे आम्ही! पण नाश म्हणजे काय, ते पुढच्या पिढ्यांत बघा. महाक्षत्रपाची मुलगी सातवाहनांच्या घरात सून म्हणून आली, हे कान्हेरीच्या लेखावरून कळतं. आणि १९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या दीडेक हजार नाण्यांचा साठा सापडला. तेव्हा हा भाग अकोला जिल्ह्यात होता, १९९८ पासून तो वाशिममध्ये आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती नाणी वाचली. त्यात पुराणांना माहीत नसलेले राजे निघाले, आणि त्यांतल्या एकाचं नाव शक सातकर्णी. शकांचा नाश करणाऱ्याच्या घराण्यात एका राजाचं नावच शक! त्याचं नाणं सापडायला आमचं तऱ्हाळाच लागलं.

आता दप्तराकडे येतो. लिहिण्याला जुन्या फारसीत 'दिपी' म्हणत. अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात हाच शब्द आहे, आणि आपली लिपी त्यावरूनच आली असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच मुळापासून पुढे दबीर झाला, दिवाण झाला. दिवाणी दावा लढवणारा शेतकरीसुद्धा नकळत दाराच्या कारकुनाचं नाव घेतो. आणि दप्तर? तो मुळात ग्रीक शब्द, दिफ्थेरा, म्हणजे कातडं. टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या दरबारात राहिला होता. तो राजाच्या कातड्यावरच्या नोंदींना याच शब्दानं ओळखतो. ग्रीक शब्द फारसीत गेला, फारसीतून मराठीत आला. आज अकोल्यातली पोरं पाठीवर घेऊन शाळेत जातात ते तेच. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. दबीराचा सुमंत झाला. दप्तर मात्र हललं नाही. पेशव्यांचे कागद निवडून गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर जे ४५ खंड काढले, त्यांनाही 'पेशवे दप्तर' हेच नाव आहे. असे शब्द आणखी आहेत. आमच्याकडे विहिरीत खडक लागला की सुरुंग लावतात. तो सुरुंगही ग्रीक. खिशातला दामही ग्रीकांच्या द्राख्म नाण्यापासून आलेला.

राहिला यवन. या शब्दाशी माझा घरचा संबंध आहे. शाळेत इतिहासाच्या धड्यात यवन आला की वर्गातली चारदोन डोकी माझ्याकडे वळत. त्यात वैर नव्हतं. शब्द आला की पोरं माणूस शोधत, आणि वर्गात मी एकटाच होतो. पुढे मराठीत कविता लिहायला लागलो. संमेलनात कुणीतरी कौतुकानं विचारायचंच, "तुम्ही इतकं छान मराठी कसं काय लिहिता?" मी म्हणायचो, "तुम्ही लिहिता तसंच, चुका खोडून."

तर बघा काय झालं. इराण्यांनी आपल्या ग्रीक प्रजेला यउन म्हटलं. तो शब्द इथं आला तेव्हा त्याचा अर्थ ग्रीक. मग पश्चिमेकडून येणारा कुणीही. शेवटी मध्ययुगात फारसी बोलणारे सुलतान आले आणि यवन हे नाव त्यांना मिळालं. इराण्यांनी शत्रूसाठी वापरलेला शब्द फारसी बोलणाऱ्यांच्याच माथी बसला, आणि त्यांच्या मागून कापूस पिकवणाऱ्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या आमच्या माथी. आणि 'हिंदू' हा इराणी कारकुनाचा शब्द दुसऱ्या बाजूला गेला. दोन्ही नावं दाराच्या त्याच यादीतून निघालेली.

जुने यवन इथं काय करत होते, तेही लेण्यांत लिहिलेलं आहे. कार्ल्याच्या चैत्यातले खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिले. त्यांची नावं आहेत सिंहध्वज, यशोवर्धन. नाशिकला धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त यानं लेणं खोदवलं, आईबापांच्या पुण्यासाठी. तो स्वतःला योनक म्हणवतो. त्याच्या मुलाचं नाव धर्मरक्षित. आणि जुन्नरला एक अगदी लहानसा लेख आहे. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली, एवढीच नोंद.

मी खारपाणपट्ट्यातला माणूस. पूर्णेच्या दोन्ही काठांना विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्याच्या घागरीसाठी आई किती चालायची ते मी पाहिलं आहे. जुन्नरचा तो लेख वाचताना माझी नजर यवन या शब्दावर फार वेळ थांबली नाही. ती थांबली दोन टाक्यांवर.